बंद झालेल्या डिझाइनच्या कपबश्या आणि प्लेटा कशा शोधायच्या

सेटमधलं एखादं भांडं फुटतं, कंपनीने ते डिझाइन कधीच बंद केलेलं असतं, मग आपण काय करतो तर डिझाइनचं नाव सर्चमध्ये टाकतो, जो पहिला फोटो जुळल्यासारखा दिसेल तो मागवतो आणि पार्सल उघडल्यावर कळतं की फुलं तीच आहेत पण पांढरा रंग वेगळाच आहे, किंवा प्लेट आपल्या प्लेटांच्या चळतीत नीट बसतच नाही. नाव जुळलं म्हणजे फार तर चतकोर काम झालं. एकाच नावाचं डिझाइन तीस-चाळीस वर्षं चालतं, तेवढ्यात कारखाना बदलतो, माती बदलते, साचा बदलतो, छपाईची पद्धत बदलते, नाव मात्र तेच राहतं. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम कपाटापाशीच बसून करायचं आहे, आपल्याकडे नेमकं काय आहे ते आधी पक्कं करायचं आणि मगच बाहेर शोधायला निघायचं.

आधी बूड वाचा

प्लेट उपडी करा आणि चांगल्या उजेडात तिचं बूड बघा. तिथे जो छाप असतो त्याला बॅकस्टॅम्प म्हणतात. त्यात कंपनीचं चिन्ह असतं, बहुतेक वेळा देशाचं नाव असतं, कधी डिझाइनचं नाव, कधी नुसता नंबर. नंबर असेल तर तो नावापेक्षा जास्त कामाचा, कारण नावं दोन कंपन्यांची सारखी असू शकतात. पण बुडाशी दिसणारा प्रत्येक आकडा पॅटर्न नंबर नसतो हे लक्षात ठेवा. ब्रशने काढलेला छोटासा आकडा किंवा ठिपका ही खूपदा रंगकाम करणाऱ्या कामगाराची खूण असते, आणि मातीत दाबून उमटवलेली अक्षरं साच्याची, साइजची किंवा बनवल्याच्या तारखेची असतात. ही दाबलेली अक्षरं सरळ उजेडात दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला की सावली पडते आणि मग वाचता येतात.

एकाच प्लेटचं बूड बघून थांबू नका, सगळी भांडी उपडी करा. कपाच्या बुडाशी जागा कमी म्हणून तिथे अर्धवट छाप असतो आणि बशीवर पूर्ण असतो. शिवाय जुना सेट बऱ्याचदा मुळातच मिश्र असतो, कुणीतरी आधीच मधे चार प्लेटा बदललेल्या असतात आणि घरात कुणाला ते माहीतही नसतं. असं निघालं तर चांगलंच, तुमच्या सेटमध्ये दोन काळातला माल आधीपासून बेमालूम मिसळून गेलाय म्हणजे शोधायला तेवढी जास्त मोकळीक.

छापावरून काळ बराचसा ठरवता येतो. अमेरिकेत मॅकिन्ली टॅरिफ कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे देशाचं नावच नसलेला जुना इंग्लिश छाप दिसला तर तो त्याआधीचा असण्याची शक्यता बरीच (खात्री नाही, कारण बाकी ठिकाणी विकायच्या मालाला ती सक्ती नव्हती). जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर तो साधारण १८९१ ते १९२१ मधला, त्यानंतर 'जपान' आलं, आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. ब्रिटिश मालावर हिऱ्याच्या आकाराची नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ या काळात वापरली जायची आणि १८८४ पासून तिच्या जागी 'आरडी' असं लिहून पुढे नंबर येतो. फक्त एक, हा नंबर डिझाइनची नोंदणी कधी झाली ते सांगतो, तुमची प्लेट कधी भाजली ते नाही. नोंदणीनंतर पंचवीस वर्षांनी काढलेल्या प्लेटवरही तोच नंबर असतो. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कंपनीची पद्धत मला सगळ्यात आवडते, त्यांच्या छापातल्या कुठल्या अक्षराच्या वर किंवा खाली बारीक रेघ आहे त्यावरून १९३५ पासून पुढची सालं ओळखता येतात, रेघ शोधायला भिंग लागतं एवढंच.

हॅविलंडवाल्यांचं दुखणं वेगळं. फ्रान्समधल्या लिमोजच्या या कंपनीने हजारो डिझाइन्स काढली आणि बहुतेकांना नावंच दिली नाहीत. त्यांच्या बुडाशी सहसा दोन छाप असतात, ग्लेझच्या (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत लेप) खाली हिरवा छाप म्हणजे कोरं भांडं कुणी बनवलं ते आणि ग्लेझच्या वर दुसऱ्या रंगात असतो तो सजावट कुणी केली त्याचा. डिझाइन ओळखायला आर्लीन श्लायगर या बाईंनी तयार केलेले श्लायगर नंबर वापरतात, अख्खा व्यवहार त्या नंबरांवर चालतो. तेव्हा हॅविलंडचा सेट असेल तर नाव शोधत बसण्यापेक्षा श्लायगर नंबर शोधा.

बंद आहे हे नक्की ना?

हे विचारायचंच राहून जातं. कंपनी बुडाली म्हणजे डिझाइन गेलं असं नसतं, कारण ब्रँड विकला जातो आणि नवीन मालक चालणारी डिझाइन्स चालू ठेवतो. इंग्लंडची स्पोड कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २००९ मध्ये पोर्टमेरियन या कंपनीने ती आणि रॉयल वूस्टर दोन्ही घेतल्या, आणि १८१६ पासूनचं ब्लू इटालियन पुढेही निघत राहिलं. वेजवुड, रॉयल डॉल्टन, रॉयल अल्बर्ट आणि वॉटरफर्ड ही सगळी मंडळी २०१५ मध्ये फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीकडे गेली, आणि रॉयल अल्बर्टचं १९६२ चं ओल्ड कंट्री रोझेस अजूनही लोक नवं घेतात. तेव्हा आधी सध्याचा मालक कोण ते बघा आणि त्यांच्या कस्टमर केअरला छापाचा फोटो टाकून विचारा. डिझाइन चालू असेल तरी तुमच्याकडचा जुना माल आणि आजचा माल शेजारी ठेवल्यावर जुळेलच असं नाही, त्याचं पुढे सांगते.

आता टेप घ्या, आणि मापं मिलिमीटरमध्ये

लिस्टिंगमध्ये '१० इंची डिनर प्लेट' लिहिलेलं असतं, ती प्रत्यक्षात सव्वादहा असते किंवा साडेदहा, आणि अर्ध्या सेंटिमीटरचा फरक हातात घेतल्यावर कळत नाही पण चळतीत लगेच दिसतो. म्हणून व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, काठाची रुंदी मोजा, प्लेट सपाट टेबलावर ठेवून उंची मोजा. प्लेटला वेगळा रुंद काठ आहे की ती मधून कडेपर्यंत नुसतीच वळत गेलीय (याला कूप आकार म्हणतात) हे लिहून ठेवा, सूपच्या बोलमध्ये तर याच दोन प्रकारांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

कप आणि बशीसाठी एक माप बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आणि ते जवळजवळ कुणी विचारत नाही, बशीतल्या खळग्याचा व्यास. एकाच डिझाइनमध्ये चहाचा कप वेगळा, कॉफीचा वेगळा, लहान एस्प्रेसोसारखा तिसराच, आणि प्रत्येकाची बशी वेगळी. वरून बघितलं तर सगळ्या बश्या सारख्या, पण चुकीच्या बशीत कप ठेवला की एक तर तो डगमगतो किंवा खळग्याच्या काठावर चढून बसतो. कपाच्या बुडाचा घेर आणि बशीचा खळगा, दोन्ही मापं विक्रेत्याकडून लेखी घ्या. कपाची उंची आणि तोंडाचा व्यास कानाशिवाय मोजायचा, आणि कानाचा फोटो बाजूने काढायचा कारण साचा ओळखायला कान फार उपयोगी पडतो, त्याच फुलांची छपाई कंपनी तीन-चार वेगवेगळ्या आकारांच्या कपांवर करते आणि त्यातला तुमचा कुठला हे कानाच्या वळणावरूनच कळतं.

माती कुठली तेही बघून घ्या. प्लेट दिव्यासमोर धरून मागे बोटं हलवा, बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन, काहीच दिसलं नाही तर बहुधा अर्थनवेअर किंवा स्टोनवेअर, म्हणजे उजेड आरपार न जाणारी जाड माती. पांढरा हा एक रंग नाहीये, बोन चायनाचा पांढरा जरा उबदार दुधाळ असतो, कडक पोर्सिलेनचा निळसर झाक असलेला आणि जुन्या अर्थनवेअरचा सायीसारखा पिवळट. फोटोत हे तिन्ही सारखेच दिसतात, विशेषतः पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत.

नाव तेच, माल वेगळा

फ्रान्सिस्कन या अमेरिकन ब्रँडचं डेझर्ट रोझ घ्या. ग्लॅडिंग मॅकबीन कंपनीने ते १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला काढलं, उठावदार गुलाब, त्यावर हाताने रंग, किटलीच्या आणि साखरेच्या भांड्याच्या झाकणाला मूठ म्हणून गुलाबाची कळी. १९८४ मध्ये तिथला कारखाना बंद झाला, तोपर्यंत मालकी वेजवुडकडे गेलेली होती, मग उत्पादन इंग्लंडला हललं आणि नंतरच्या काळात चीनमध्येही झालं. म्हणजे डेझर्ट रोझ एवढंच लिहून शोधलंत तर तीन देशांतला माल समोर येणार. अमेरिकन प्लेट आणि नंतरची प्लेट शेजारी ठेवली की पाकळ्यांच्या गुलाबीची छटा, पानांवरचा ब्रशचा हात आणि मूळ ग्लेझचा रंग यात फरक जाणवतो. फोटोत तो फरक पकडणं अवघड, पण बुडाचा छाप बघितला की देशाचा प्रश्न एका सेकंदात सुटतो. म्हणून बुडाचा फोटो नसलेल्या लिस्टिंगवरून काही घ्यायचंच नाही असा माझा नियम आहे, विक्रेता कितीही गोड बोलला तरी. आणि झाकण घेत असाल तर त्या कळीचं टोक मोठं करून बघा, टवका उडाला तर सगळ्यात आधी तिथेच उडतो.

फिएस्टाची गंमत अजून वेगळी. १९३६ मध्ये होमर लाफलिन या अमेरिकन कंपनीने हे एकरंगी डिझाइन काढलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद केलं, आणि १९८६ मध्ये परत आणलं पण नव्या मातीत. नवी माती भट्टीत जास्त आकसते त्यामुळे जुन्या साच्यावरची नवी भांडी जराशी लहान निघतात. रंगही जुन्या रंगांशी जुळतील असं धरून चालू नका. जुन्या नारिंगी-लाल रंगाच्या ग्लेझमध्ये तर युरेनियम ऑक्साइड असायचं, ती भांडी शेल्फवर छान दिसतात, त्यात रोज खाऊ नका.

विलो पॅटर्न (झाड, पूल, माणसं असलेलं चिनी धाटणीचं निळं चित्र) कुणा एका कंपनीचं नाहीच. अठराव्या शतकाच्या शेवटापासून असंख्य कारखान्यांनी ते काढलंय, निळ्याच्या छटा वेगळ्या, किनारीची नक्षी वेगळी, पुलावरच्या माणसांची संख्यासुद्धा कधीकधी वेगळी. जर्मनीतल्या माइसन कारखान्याच्या ब्लू अनियन या निळ्या नक्षीचीही हीच कथा, दुसऱ्या कारखान्यांनी त्याच्या इतक्या नकला काढल्या की कारखान्याचं नाव टाकल्याशिवाय सर्च निरर्थक आहे. याउलट जॉन्सन ब्रदर्सच्या ओल्ड ब्रिटन कॅसल्समध्ये वेगवेगळ्या भांड्यांवर वेगवेगळे किल्ले आहेत आणि किल्ल्याचं नाव मागे छापलेलं असतं, शिवाय तेच डिझाइन गुलाबी, निळ्या, तपकिरी अशा रंगांत निघालं. असा सेट असेल तर चित्र जुळत नाही म्हणून योग्य प्लेट सोडून देऊ नका, भांड्याची साइज आणि रंग जुळतोय ना ते बघा.

छाप पुसला गेलाय किंवा मुळातच नाहीये

मग फोटोवर भिस्त. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, प्लेट सपाट आणि मोबाइल बरोबर तिच्या वर. एक फोटो पूर्ण प्लेटचा आणि एक फक्त नक्षीचा, अगदी जवळून, म्हणजे एकच फूल आणि त्याच्या बाजूची दोन पानं एवढंच. गूगल लेन्सला पूर्ण प्लेट दिली की ते जगभरातल्या गुलाबाच्या प्लेटा दाखवत सुटतं, तुकडा दिला की बरं शोधतं. त्यातून एखादं नाव हाती लागलं तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, विक्रेत्यांनी चुकीची नावं लावलेली असतात आणि सर्च इंजिन तीच चूक परत आपल्याला वाढतं. किनारीची रेघ एक आहे की दोन, सोनेरी की चंदेरी, पानांची टोकं कुठल्या दिशेला, असं बसून ताडून बघा.

नाहीच जमलं तर जाणकारांना विचारा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रिप्लेसमेंट्स लिमिटेड नावाची कंपनी आहे, बॉब पेज यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली, बंद झालेली क्रोकरी आणि काटे-चमचे हाच धंदा. फोटो पाठवला की ते पॅटर्न ओळखून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. इंग्लंडमध्ये केनिलवर्थला चायनासर्च आहे, ब्रिटिश डिझाइन्ससाठी तिथे बघा. अशा ठिकाणी भाव चढे असतात कारण त्यांनी माल तपासलेला, धुतलेला, मोजलेला असतो आणि तो सांभाळून ठेवायचा खर्च असतो. पण घ्यायचं नसलं तरी त्यांच्या साइटचा एक फायदा आहेच, एखाद्या डिझाइनमध्ये कुठली कुठली भांडी निघाली, कुठल्या साइजमध्ये, ती यादी तिथे आयती मिळते. मी तर ती कॅटलॉगसारखीच वापरते. हवं ते भांडं नसेल तर आपलं नाव नोंदवून ठेवता येतं, आलं की कळवतात.

सर्च कसा करायचा

कंपनी, नंबर किंवा नाव, आणि भांड्याचा प्रकार, हे तिन्ही इंग्रजीत टाका. त्यानंतर मुद्दाम चुकीची स्पेलिंग टाका. वेजवुडच्या स्पेलिंगमध्ये मधे एक जादा 'ई' घालणारे विक्रेते ढिगाने आहेत आणि त्यांचा माल बरोबर स्पेलिंगने शोधणाऱ्यांना नेहमी दिसतोच असं नाही, म्हणून तो स्वस्तात पडून असतो. तिसरा सर्च वर्णनाचा, ज्यांना डिझाइनचं नाव माहीतच नाही ते लोक 'गुलाबी फुलं सोनेरी किनार जुनी प्लेट' असंच काहीतरी लिहून विकायला ठेवतात. ईबेवर सर्च सेव्ह करून अलर्ट लावा, तिन्ही प्रकारच्या सर्चचे वेगवेगळे. वेगवेगळ्या देशांच्या ईबेवर वेगवेगळा माल असतो, त्यामुळे डिझाइन ज्या देशातलं किंवा ज्या देशात जास्त विकलं गेलं तिथलंही बघा. आणि भाव ठरवताना लोक काय मागतायत ते बघू नका, विकल्या गेलेल्या मालाचा फिल्टर लावून प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा, दोन्हीत बऱ्याचदा दुपटीचा फरक असतो.

कप सगळ्यात आधी फुटतात आणि बश्या उरतात, हे सगळ्याच घरांत होतं, त्यामुळे बाजारात बश्यांचा सुकाळ आणि कपांची टंचाई. झाकणं तर त्याहून दुर्मिळ. मोठी सूपची भांडी, ग्रेव्हीची भांडी, मोठे ताट-आकाराचे प्लॅटर मुळातच घरटी एक विकले गेलेले, तेव्हा तेही कमी. म्हणून सुटा कप शोधत बसण्यापेक्षा अर्धवट सेट लिलावात किंवा जुन्या सामानाच्या विक्रीत एकगठ्ठा मिळतोय का बघा, अख्ख्या गठ्ठ्याचा भाव कधीकधी चार सुट्या कपांएवढाच असतो, कारण अर्धवट सेट कुणाला नको असतो. हवे ते काढून घ्यायचे आणि बाकीचे परत विकायचे. झाकणाचंही असंच, तोटीला टवका गेलेली किटली झाकणासाठी म्हणून घ्यायची. पण झाकण घेताना आतल्या कडेचा, म्हणजे जो भाग भांड्याच्या तोंडात उतरतो त्याचा व्यास विचारा, नुसता बाहेरचा नको. जुनी झाकणं भट्टीत आपापल्या भांड्याबरोबर थोडी वाकलेली असतात आणि त्याच डिझाइनचं दुसरं झाकणही थोडं डुगडुगू शकतं, तेवढं चालवून घ्यायचं.

विक्रेत्याला काय विचारायचं

'वयाच्या मानाने उत्तम' या वाक्याला काही अर्थ नाही. सरळ विचारा, काठावरून बोट फिरवलं तर कुठे अडकतं का, केसासारखी चीर आहे का, ग्लेझमध्ये जाळीसारख्या रेषा आहेत का, सोनेरी किनार कुठे घासलीय का, कुठे चिकटवलंय का. आणि टिचकी मारून आवाज कसा येतो ते विचारा. हे विचारलं की चांगला विक्रेता लगेच समजतो. प्लेट बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकी टिचकी मारली की धड बोन चायना किंवा पोर्सिलेन घंटेसारखं वाजतं आणि चीर असेल तर आवाज बद्द येतो, डोळ्याला काही दिसत नसलं तरी. पार्सल आल्यावर हीच परीक्षा घरी परत घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत. दुरुस्ती लपवलेली असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, चिकटवलेला किंवा रंगवून झाकलेला भाग बाकीच्यापेक्षा वेगळा चमकतो.

प्लेटवर राखाडी रेघा दिसल्या तर घाबरू नका, त्या पुष्कळदा ओरखडे नसतातच, सुरी-काट्याचा धातू ग्लेझवर घासून बसलेला असतो आणि ऑक्झॅलिक अॅसिडवाल्या क्लीनिंग पावडरने हलक्या हाताने निघतो. सोनेरी किनारीला मात्र ती पावडर लागू द्यायची नाही. जाळीच्या रेषांत मुरलेला तपकिरी डाग असेल तर ते भांडं शोभेलाच बरं.

सेकंडचा माल ओळखायला शिका. माइसनच्या तलवारींच्या छापावर आडव्या कोरलेल्या रेघा असतील तर कारखान्यानेच तो माल कमी प्रतीचा ठरवलेला असतो. वापरायला काही हरकत नाही, फक्त पहिल्या प्रतीचा भाव देऊ नका.

परदेशातून मागवत असाल तर पाठवायचा खर्च भांड्यापेक्षा जास्त होतो आणि वर कस्टम ड्यूटी लागू शकते, म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच गोष्टी एकत्र घ्या. पॅकिंग कसं करायचं तेही आधीच सांगा, लाजू नका: प्लेटा उभ्या ठेवायच्या, आडव्या चळतीत नाही, प्रत्येक प्लेट वेगळी गुंडाळलेली, कपात कप घातलेला नको, झाकण भांड्यावर नको तर वेगळं, आणि खोक्यात खोकं, दोन्हीच्या मधे सगळीकडून भरण. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, फुटलेलं निघालं तर वाद मिटतो.

जुन्या मालाबद्दल एक सावधगिरी. ग्लेझच्या वर रंगवलेल्या जुन्या भांड्यांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं, बोट फिरवल्यावर रंग उंचवट्यासारखा लागत असेल किंवा रंग झिजलेला दिसत असेल तर त्यात आंबट काही ठेवू नका, रोजच्या जेवणाला तर नकोच. कोरेल या काचेच्या प्लेटांच्या अमेरिकन ब्रँडचे जुने पॅटर्न शोधणारे खूप जण आहेत (बटरफ्लाय गोल्ड, स्प्रिंग ब्लॉसम ग्रीन वगैरे), कोरेल १९७० पासून आहे, पण २००५ च्या आधीचा माल शोभेसाठी वापरा असं कंपनीनेच सांगितलेलं आहे. सोनेरी-चंदेरी किनारीचं काहीही मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, ठिणग्या उडतात.

रंग थोडा वेगळा आला तर

येणारच. तुमच्या प्लेटा वर्षानुवर्षं धुऊन फिकट झालेल्या असतात आणि कुणाच्या तरी कपाटात न वापरता पडलेली प्लेट आली की ती उठून दिसते. यावर एक सोपा उपाय, एकच प्लेट घेऊ नका. सहामध्ये एक वेगळी असली की ती चूक वाटते, तीन वेगळ्या असल्या आणि एकाआड एक मांडल्या की मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

काहीच जुळणारं मिळत नसेल तर जुळवायचा हट्ट सोडून देणं केव्हाही बरं. त्याच कंपनीचं त्याच आकारातलं पण नक्षी नसलेलं, फक्त तीच किनार असलेलं भांडं शोधा, पुष्कळ कंपन्यांनी अशी जोडीची साधी डिझाइन्स काढलेली आहेत. डिनर प्लेटा नक्षीच्या आणि छोट्या प्लेटा साध्या हे चांगलं दिसतं. वाढायची मोठी भांडी तर काचेची किंवा कोरी पांढरी चालतात, तिथे जुळवाजुळव करत पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कुंभारकाम करणाऱ्याकडून हुबेहूब नवं करून घेणं शक्य आहे पण ग्लेझचा पांढरा जुळवायला त्याला नमुने भाजत बसावे लागतात, एका कपासाठी ते परवडत नाही. फुटलेलं चिकटवायचं असेल तर चिकटवा, साधा इपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नसतो एवढं लक्षात असू द्या, म्हणजे ते कपाटात दर्शनी ठेवायचं.

कप मिळाले की दोन जास्तीचे घेऊन ठेवा. छापाचे फोटो, नंबर, सगळी मापं आणि कुठल्या विक्रेत्याकडून काय घेतलं हे मोबाइलच्या एका नोटमध्ये एकत्र ठेवा, पुढच्या वेळी दुकानात उभं राहून आठवत बसायला नको. आणि गठ्ठ्यातून उरलेल्या बश्या विकायला काढाल तेव्हा लिस्टिंगमध्ये बुडाचा फोटो आणि खळग्याचं माप नक्की टाका, लवकर जातात.